माझ्यातून चोरलेली बातमी

मित्रांनो, माझ्या अंगावर ओरखडे आहेत, आवाजाचे बटण सैल झाले आहे आणि वयाने मी तुमच्यापेक्षा मोठा आहे. मी एक जुना वायरलेस संच आहे. आणि आज मी रागावलो आहे.

रहाटणीच्या विजयश्रीताईंनी मला एका निवृत्त हौशी रेडिओचालकाकडून घेतले. ताई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांनी परीक्षा देऊन परवाना मिळवला आणि संकटकाळी निरोप पोहोचवण्याचे काम आपणहून पत्करले. एरवी मी कपाटावर धूळ खात असे. "मोबाईलच्या जमान्यात हे भंगार कशाला?" असे पाहुणे म्हणत, तेव्हा मला फार लागे.

मग इंद्रायणीला पूर आला. चऱ्होलीतले मोबाईल बंद पडले. ताईंनी मला भोसरीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, मदत केंद्राच्या टेबलावर मांडले. तिकडे चऱ्होलीत ताईंसारखेच परवानाधारक हौशी रेडिओचालक सुरेंद्रकाका आपला संच घेऊन बसले होते. कुणाला औषध हवे, कुठे होडी हवी, सगळे निरोप माझ्यातून जात होते. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला!

दुपारी मिहिर नावाचा एका वाहिनीचा वार्ताहर कॅमेरा घेऊन आला.

"मॅडम, किती लोक गेले?"

"ते मी सांगणार नाही. आकडे आणि नावं अधिकारीच सांगतील," ताई म्हणाल्या. "आम्ही काम कसं करतो ते खुशाल दाखवा. पण निरोप चालू असताना कॅमेरा बंद."

"चालेल," तो म्हणाला.

तेवढ्यात माझ्यातून सुरेंद्रकाका बोलले, "गोदामातला धम्मपाल अजून सापडत नाही. होडी परत पाठवतोय. ओव्हर." ताई निरोप लिहून घ्यायला वाकल्या. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता! मला तो दिसत होता, पण मला स्वतःचा आवाज कुठे आहे?

थोड्याच वेळात वाहिनीवर बातमी झळकली, 'धम्मपाल पुरात वाहून गेला.' सोबत माझ्यातूनच चोरलेला आवाज होता. होडी पाठवल्याचे वाक्य मात्र कापले होते.

धम्मपालची आई सोजरबाई लातूरकडची. लेकाला चऱ्होलीच्या गोदामात काम लागले म्हणून दोघे भोसरीत खोली घेऊन राहत होते. शेजारच्या टीव्हीवर तिने ते ऐकले आणि ती अनवाणीच रस्त्यावर धावली. दुचाकीची धडक बसून तिचे मनगट मोडले. तरी तो हात पोटाशी धरून ती केंद्रात आली.

"माझं लेकरू वाहून गेलं म्हनतेत... खरं हाय का?"

ताईंना बातमीचा पत्ताच नव्हता. त्यांनी लगेच माझा माइक उचलला. "चऱ्होली, मी भोसरी. धम्मपालची आई इथं आली आहे. त्याची काय खबर? ओव्हर."

नुसती खरखर. मग काकांचा आवाज आला, "मिळाला! आत्ताच होडीतून उतरला. घ्या, बोला त्याच्याशी."

"आई, मी हाय. टाकीवर चढून बसलो होतो. रडू नको."

सोजरबाई माझ्यावर डोके टेकून हमसून हमसून रडली. आणि मिहिर पुन्हा कॅमेरा घेऊन हजर!

"मॅडम, मुलाला परत एकदा बोलायला लावा ना. आई-मुलाची भेट छान दिसेल."

ताई कडाडल्या, "कॅमेरा खाली! तुम्ही शब्द दिला होता."

सोजरबाईने डोळे पुसले. मिहिरच्या माइकवरची खूण तिने टीव्हीवर पाहिली होती. "माझं पोरगं जित्तं असताना मारलंस तू. आता त्याच टीव्हीवर सांग, तो जिता हाय म्हणून. तेवढ्याच मोठ्यानं सांग."

"वरच्यांना विचारतो," मिहिर पुटपुटला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्या वाहिनीवर पडद्याच्या तळाशी 'धम्मपाल सुखरूप' अशी एक बारीक ओळ सरकली. वाचेपर्यंत गेलीसुद्धा. क्षमेचा एक शब्द त्यात नव्हता.

पूर ओसरल्यावर ताईंचा सत्कार झाला. मलाही हार घातला. पण मला तो बोचत होता. सोजरबाईला अजून त्या मोडलेल्या हाताने भाकरी थापता येत नाही. तिला सत्काराला कुणी बोलावले नव्हते.

मित्रांनो, मला पुसा, जपा, कोरड्या जागी ठेवा, हे मी मागणारच होतो. पण आज ते राहू द्या. संकटात कुणाचे नाव तुमच्या कानावर पडले, तर ते पुढे पाठवण्याआधी एवढेच आठवा, की त्या माणसाची आई कुठेतरी ऐकत असते.