मुकादमिणीची रवानगी

ठिपकीचा पाय मोडला तेव्हा धाकटीने तिला टोपलीत घालून स्वयंपाकघरात आणलं. थोरलीने कपाळाला हात लावला. "आता कोंबडीचंही बाळंतपण काढ," म्हणाली. पण टोपलीतलं फडकं रोज बदलायची ती थोरलीच.

दोघी सख्ख्या जावा. नवरे गेले, मुलं पांगली, पुढच्या दारची बेकरी केव्हाच बंद पडली. भट्टीच्या खोलीत आता लाकडं आणि रिकामी पोती, मागच्या अंगणात पाच-सहा कोंबड्या, एवढाच काय तो कारभार उरला होता.

फळी पडून मोडलेला पाय जुळला, पण वाकडाच. धाकटीने मोठ्या उमेदीने ठिपकीला अंगणात सोडलं, तर कोंबड्यांनी साधी ओळखही दाखवली नाही. त्यांतली तांबडी, धिप्पाड कोंबडी सगळ्यांवर हुकूम चालवायची, म्हणून दोघी तिला मुकादमीण म्हणत. तिने ठिपकीची मान धरली आणि बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. बळी तो कान पिळी. धाकटीने मधे पडून सोडवेपर्यंत ठिपकी रक्ताळली होती. जखम भरल्यावर पुन्हा सोडली, पुन्हा तेच.

"पुरे झालं," थोरली म्हणाली. "अशाने हकनाक मरेल ती. आणि जन्मभर स्वयंपाकघरात राहणं हेही काही जगणं नव्हे. दूधवाल्याकडे एकटी कोंबडी ठेवायला जागा आहे. देऊन टाक."

धाकटीचे डोळे भरून आले. घरभर तिच्या पाठोपाठ फिरणारं आता तेवढंच एक उरलं होतं. "एकदा शेवटचं बघू या ना, जाऊबाई."

थोरलीने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "बघायचं तर नीट बघ," ती म्हणाली. "ठिपकीला सोड, पण आधी मुकादमिणीला बाहेर काढ. आठवडाभर भट्टीच्या खोलीत कोंडून ठेव. तोवर ही आपली जागा धरेल. मग ती परत येईल ती पाहुणी होऊन."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"सासूबाईंनी. मला नव्हतं का माहेरी पाठवलं?"

धाकटीला ते दिवस लख्ख आठवले. ती नवी नवरी, त्यात डावखुरी. पहाटे घरातल्या बायका लांबलचक टेबलाशी ओळीने उभ्या राहून पावाचे गोळे वळायच्या आणि तिचं डावं कोपर हटकून शेजारच्या थोरलीला लागायचं. थोरली ते व्याजासकट परत करायची. वर विचारायची, "हात आहे की वल्हं?" सगळ्या खो खो हसायच्या. धाकटी पोत्यांमागे जाऊन रडायची. मग थोरली माहेरी गेली, सासूबाईंनी धाकटीला टेबलाच्या डाव्या टोकाला उभं केलं आणि कोपर लागायचंच थांबलं. पुढे कितीतरी वर्षं ती तिथे उभी होती. मैद्याने पांढरे झालेले हात, भट्टीची ऊब, पहिल्या पावाचा वास. त्या दिवसांची आठवण आली की तिला अजून गलबलून यायचं. थोरली तेव्हा आजारी वडिलांना भेटायला गेली आणि आपलं नशीब उघडलं, असंच ती आजवर समजत होती.

"ते टोक माझं होतं," थोरली म्हणाली. "परत आले, तर तिथे तू. चांगली भांडले सासूबाईंशी. त्या म्हणाल्या, 'तिला माहेरी पाठवलं असतं तर ती परत आलीच नसती. तू कुठे जातेस?'"

"मग?"

"मग काय. गेले का कुठे?"

धाकटी उठली आणि मुकादमिणीला धरायला गेली.

आठवड्याने मुकादमिणीला परत सोडलं, तेव्हा दोघी मागच्या दारात उभ्या होत्या. ठिपकी बाकीच्यांच्या घोळक्यात दाणे टिपत होती. मुकादमीण तरातरा आली आणि तिने ठिपकीला एक जोरात टोच मारली.

"हात घालू नकोस," थोरली म्हणाली.

ठिपकी डगमगली, वाकड्या पायावर सावरली आणि पुन्हा खायला लागली. बाकीच्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. मुकादमीण क्षणभर तिथेच थांबली. मग उगाचच माती उकरत कुंपणापाशी गेली आणि एकटीच उभी राहिली.

"जमलं," थोरली म्हणाली. "राहिली तुझी ठिपकी."

आठवडाभर धाकटीने ह्याचसाठी जीव मुठीत धरला होता. पण तिची नजर ठिपकीवर ठरेना. तिने मूठभर दाणे घेतले, अंगण ओलांडून कुंपणापाशी गेली आणि ते मुकादमिणीपुढे टाकले.