तेल भरलेली सायकल

भंगारवाला म्हणाला, "न्या मावशी, फुकट न्या. तोडायलाही कटकट आहे हिची."

"तोडणार कोण तिला?" मी म्हटलं आणि बाही वर केली.

मोडक्या कपाटांखाली ती आडवी पडली होती. इंग्रजी बनावटीची, बायकांची, सळ्यांचे ब्रेक असलेली. चेन पूर्ण झाकणारी पत्र्याची पेटी शाबूत होती. त्या पेटीत तेल भरायचं आणि चेन त्या तेलातून फिरत राहते. आमच्या शाळेच्या बाई अशाच सायकलवरून यायच्या. तेव्हापासून मला ती हवी होती, आणि तेव्हापासून कुणी ना कुणी नको म्हणत आलं होतं.

घरी आणली तेव्हा लेकाने कपाळाला हात लावला. मागच्या वर्षी माझं मनगट मोडलं, तेव्हापासून तो मला काचेचं सामान समजतो. त्याने काठी आणली, मी ती दारामागे ठेवली. बरं, मनगट मोडलं बाथरूममध्ये. पण बाथरूमवर कुणी बंदी आणली नाही.

बाल्कनीत मी ठाण मांडलं. तिचे नट इंचांतले, घरातले पाने मिलिमीटरचे, त्यामुळे पाना नुसता घसरायचा. पेडलच्या दांड्याची पाचर तर हातोडीलाही दाद देईना. रॉकेल पाजलं, शिव्या घातल्या, पुन्हा रॉकेल पाजलं. शेवटी निघाली. गंजाखाली हिरवा रंग सापडला त्या दिवशी मी एकटीच हसत बसले होते. सगळं जोडून झाल्यावर पेटीत तेल भरलं आणि ठरवलं, रविवारी रस्त्यावर काढायची.

शनिवारी दाताच्या डॉक्टरकडून परत आले, तर सायकल हॉलच्या भिंतीवर. पुढचं चाक वर, मागचं खाली, दोन हुकांना उभी टांगलेली.

"आई, काय शोभा आलीय बघा," सून म्हणाली. "संध्याकाळी ह्यांचे साहेब येणार आहेत, बघतच राहतील."

"पेटीत तेल आहे," मी लेकाला म्हटलं.

"पुसून घेतलीय मी."

"आत आहे. ती दोन्ही चाकांवरच ठेवायची असते."

"आई, आता पुरे."

पुरे तर पुरे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण मी खुर्ची ओढून समोर बसले आणि वाट पाहिली.

साहेब आले, बायकोला घेऊन आले. चहा झाला. साहेब सायकलचं कौतुक करायला उठले आणि तेवढ्यात मागच्या चाकापाशी काळा ओघळ फुटला. नव्या पांढऱ्या भिंतीवरून तो सावकाश खाली आला, थेट सोफ्याच्या पाठीवर. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांची बायको हसू दाबत म्हणाली, "अय्या, हिच्यात तेल आहे?"

"आहे ना. चालवायची आहे ती," मी म्हटलं. "साहेब, जरा हात लावता?"

साहेबांनी लावला. सायकल खाली आली.

लेकाने हँडल धरलं. आवाज अगदी बारीक करून म्हणाला, "तू चालवू नयेस म्हणूनच टांगली होती, आई. पडलीस तर?"

"तर उठेन. मनगट मोडलं तेव्हाही मीच उठले होते. तुला फोन नंतर केला."

मला त्याला आणखी बोलावंसं वाटेना, कारण त्याचे डोळे भरले होते. पण सायकल काही मी सोडणार नव्हते. दारामागची काठी आणली आणि रिकाम्या हुकावर, त्या ओघळाशेजारी, अडकवली.

"शोभेला काहीतरी हवं ना तुम्हाला? ही राहू दे."

मग घंटी वाजवत, भर हॉलमधून, सायकल बाहेर काढली. रविवारपर्यंत थांबायचं कशाला?

फाटकाबाहेर पेडलवर पाय ठेवला. सुरुवातीला ती वेडीवाकडी गेली, मग ती सरळ धावायला लागली. वर पाहिलं तर लेक बाल्कनीचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता. हँडल मीही तसंच धरलं होतं, पण हे त्याला मी मरेपर्यंत सांगणार नाही.