दोघांची मिळून दहा

"खोटं बोलू नकोस. किती?"

"चार, सर. सव्वाचार म्हणा हवं तर."

"घासाघीस भाजीवाल्याशी करायची. चार."

मास्तर आणि त्यांची को-पायलट विमानाच्या मागच्या दारात उभे राहून खोकी आत घेत होते. पुठ्ठ्याच्या प्रत्येक खोक्याला भोकं होती आणि आत काल जन्मलेली कोंबडीची शंभर पिल्लं चिवचिवत होती. अशी साठ खोकी. ती पायलटांनीच चढवायची, दोऱ्यांनी आवळायची, आणि मग हात पुसून विमान चालवायला बसायचं. हमालांची व्यवस्था होईपर्यंत 'तात्पुरतं' असं ठरलं होतं, त्याला आता दोन वर्षं झाली होती.

कंपनी छोटी. तीन विमानं, नऊ पायलट. नवांत वयानं सर्वांत लहान म्हणून को-पायलटला सगळे धाकटी म्हणायचे. आणि मास्तरांना मास्तर म्हणायचे, कारण दुसऱ्यांनी भरलेले कागद ते कानावरची पेन्सिल काढून तपासायचे, आणि चूक सापडली की भल्याभल्यांना शाळेत नेऊन बसवायचे. एकतीस वर्षं उडवत होते, पण विमानाला साधा ओरखडा नव्हता. बासष्टी गाठली तरी दोन्ही हातांनी खोकं उचलून डोक्यावर ठेवायचे आणि वर धाकटीला म्हणायचे, "तू राहू दे, तुझी कंबर अजून नवी आहे."

आता ते 'किती' काय होतं, ते सांगायला हवं. कंपनीच्या कागदावर विश्रांतीचा एक रकाना होता आणि त्यात सगळे डोळे मिटून 'नऊ तास' लिहायचे. विमानाची चाकं थांबली की विश्रांती सुरू, आणि इंजिन पुन्हा लागलं की ती संपली. मधे माल उतरवा, इंधन भरून घ्या, विमान झाडा, कागद भरा, पुन्हा माल चढवा, ही सगळी कंपनीच्या लेखी विश्रांतीच. झोपायला हँगरच्या मागे एक खोली होती. तिच्यात एक खाट आणि एक सोफा होता, आणि भिंतीला टेकून जनरेटर. जनरेटर बंद करावा तर पंखा बंद व्हायचा, आणि पंखा बंद झाला की डास पाहुणचाराला हजर.

म्हणून पंधरा वर्षांपूर्वी मास्तरांनी आपला एक नियम काढला. निघण्याआधी दोघा पायलटांनी एकमेकांना विचारायचं, किती झोपलास? खरा आकडा सांगायचा. दोघांची मिळून दहा भरली नाहीत, तर विमान हलणार नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. सुरुवातीला बाकीच्यांनी टिंगल केली, मग एकेकानं मुकाट्यानं तो उचलला. मॅनेजरसाहेब कुरकुरायचे, पण मास्तरांपुढे त्यांची डाळ शिजत नसे.

मात्र गेल्या आठवड्यात दोघांची मिळून सात भरली होती. विमान दुपारपर्यंत उभं राहिलं आणि आतली फुलं माना टाकून बसली. त्या दिवशी साहेब आवाज न चढवता म्हणाले होते, "मास्तर, तुमचा करार पुढच्या महिन्यात नवा करायचा आहे. पुन्हा असं झालं तर माझा नाइलाज आहे."

आणि आज साहेब स्वतः विमानाच्या पंखाखाली सावलीला उभे होते.

"आणि तुमचे, सर?" धाकटीनं विचारलं.

खाट तिला देऊन मास्तर सोफ्यावर झोपले होते. झोपले होते म्हणजे कूस बदलत जनरेटर ऐकत होते. खरे तास तीन. त्यांनी एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा चिवचिवणाऱ्या खोक्यांकडे. पासष्टीपर्यंत उडवता येतं. अजून तीन वर्षं होती.

"सहा," ते म्हणाले.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

नऊला विमान सुटलं. प्रवास सव्वा तासाचा. आकाश निरभ्र, वारा नाही, विमान कसं वरणात चमचा फिरावा तसं अलगद चाललं होतं. असलं हवामान पायलटाला फार वाईट. पाऊणएक तासानं धाकटीची मान डुलायला लागली.

"पंधरा मिनिटं पड जरा," मास्तर म्हणाले. "मी आहे."

हीसुद्धा त्यांचीच रीत. ज्याची झोप कमी, त्यानं वाटेत पाव तास डोळे मिटायचे आणि दुसऱ्यानं सगळं बघायचं. धाकटीनं तत्काळ डोळे मिटले. मास्तरांनी काटे बघितले, इंधन बघितलं, घड्याळ बघितलं. नऊ वाजून पन्नास मिनिटं.

नंतर दहा सत्तावीस.

"मास्तर! चौथ्यांदा बोलावतोय! ऐकू येतंय का? अहो, गाव मागे पडलं तुमचं!"

रेडिओवर टॉवरवाला ओरडत होता. मास्तरांचे हात त्यांच्या आधी जागे झाले. शेजारी धाकटीही दचकून उठली. समोर डोंगरांची रांग होती. विमान तिच्या बरंच वरून चाललं होतं, म्हणून सगळं निभावलं. त्यांनी विमान वळवलं, आवाज स्थिर ठेवून उत्तर दिलं आणि पंधरा मिनिटांनी इतकं हळुवार उतरवलं, की धाकटीला चाकं कधी टेकली ते कळलं नाही. सहा हजार पिल्लांपैकी एकालाही काही झालं नव्हतं.

टॉवरवाला चहाचे कप घेऊन खाली आला. वीस वर्षांची ओळख होती.

"मागून वारा होता, म्हणून पुढे गेलात. मी नोंदीत तसंच टाकतो," तो म्हणाला. "तुम्ही आमचे मास्तर. कोण विचारतंय?"

तो गेल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "सर, मीही कुठे बोलणार नाही."

"हे मी शिकवलं तुला?"

"तसं नाही. पण सहा तास झोपूनही कधी डोळा लागतो माणसाचा. त्यात काय एवढं?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "सहा नव्हते गं. तीन होते."

धाकटीनं मनातल्या मनात बेरीज केली असणार, कारण तिचा चेहरा बघता बघता उतरला. "म्हणजे सात. आपण निघायलाच नको होतं." मग तिचा आवाज चढला. "आणि मला झोपवलंत? मी तुमच्या भरवशावर डोळे मिटले, सर! खुशाल मिटले!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं. एकतीस वर्षांत मास्तरांना कोणी असं बोललं नव्हतं, आणि बोलणारीचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

त्यांनी घरी फोन लावला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"कंपनीला सगळं लिहून दिलं तर उडणं संपलं," मास्तर म्हणाले.

"अहो, तुम्ही दिवसभर घरात बसलात तर माझ्या डब्यांवर पेन्सिलीनं खुणा कराल, ते मला दिसतंय," ती म्हणाली. "पण नाही लिहिलंत, तर जन्मभर छताकडे बघत पडाल. मला कुठला त्रास परवडेल, तुम्हीच सांगा." मग तिनं विचारलं, "पोरीला काही लागलं नाही ना?"

"नाही."

"मग लिहा."

मास्तरांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं, गोल आणि सुटं. को-पायलट माझ्या सांगण्यावरून विश्रांती घेत होती. मी जागा राहायचं होतं, मी झोपलो. निघताना झोपेचे तास मी खोटे सांगितले. खोली, खाट, सोफा, जनरेटर, विश्रांती कुठून कुठपर्यंत मोजतात, तेही लिहिलं, पण दुसऱ्या पानावर. पहिलं पान त्यांनी स्वतःच्या चुकीला दिलं होतं. शेवटी रकाना होता, 'घटना कोणाच्या निदर्शनास आली?' त्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलं.

साहेबांचा तासाभरात फोन आला. "काय केलंत हे? कोणाला कळलं होतं?"

"मला कळलं होतं, साहेब."

त्या दुसऱ्या पानानं पुढे बरंच काही घडवलं. तपासनीस आले, जनरेटर हलला, आणि पायलट दारात पाऊल टाकतो तिथपासून कामाचे तास मोजायचे असं ठरलं. आज नव्या पायलटांना वाटतं, हे पहिल्यापासून असंच होतं. वाटू दे. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी फक्त एवढाच हुकूम आला की मास्तरांनी विमानाला हात लावायचा नाही. उद्या बदली कॅप्टन येईल, तो आणि को-पायलट विमान परत आणतील.

त्या रात्री दोघांना गावातल्या लॉजवर दोन वेगळ्या खोल्या मिळाल्या. मास्तर नऊ तास झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बदली कॅप्टन आला. तो मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला, त्याला नजर कुठे ठेवावी कळेना. मास्तरांनीच त्याची पाठ थोपटली आणि परतीची खोकी चढवायला हात लावला. विमानाला हात लावायचा नव्हता, खोक्यांबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं. मग ते मागच्या घडीच्या सीटवर बसले. एकतीस वर्षांत ते त्या सीटवर कधी बसलेच नव्हते. पट्टा कुठून ओढायचा ते त्यांना सापडेना.

धाकटी पुढून उठून आली. तिनं वाकून पट्टा ओढला, अडकवला, ताणून बघितला. कालच्या त्या चहानंतर ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

"घट्ट नाही ना होत, सर?"

"नाही. बरोबर आहे."

"मी बघते सगळं. तुम्ही निवांत बसा."

"जा. चेकलिस्ट घाईत वाचू नकोस."

ती पुढे गेली. इंजिनं लागली, विमान धावपट्टीवर वळलं आणि वेग घेऊ लागलं. मास्तरांचा उजवा हात सवयीनं इंजिनाचा दांडा धरायला पुढे गेला. समोर पुठ्ठ्याचं खोकं होतं, वरच्या थरातलं, जरासं हलणारं. त्यांनी हात त्याच्यावर ठेवला आणि विमान वर जाऊन सरळ होईपर्यंत ते दाबून धरलं.