उष्टा टॉवेल

बालाघाटच्या त्या कॉलेजातली खेळाची खोली चौदा वर्षांपासून तुळसाबाईच्या ताब्यात होती. नेमणूक शिपाईण म्हणून, पण कबड्डीच्या पोरींची ती मावशीच. राजेगावहून पहिल्या बसने यायचं, मॅट झाडायची, गुडघ्यांचे पॅड मांडायचे आणि सराव सुरू झाला की प्रत्येकीचा घाम एकाच जाड टॉवेलने टिपायचा. संघ एक तर टॉवेलही एक, याचा तिला भारी अभिमान. यंदा तर तिची स्वतःची लेक खुशी संघात आली होती. पहिल्या सामन्याला राजेगावची अर्धी आळी येणार, हे ती महिनाभर बसच्या कंडक्टरलाही सांगत सुटली होती.

अशात मंजुषा मॅडम आल्या. तिरोडीच्या खाणकामगाराची मुलगी, शिकून फिजिओ झालेली, वयाने खुशीहून सहा-सात वर्षांनीच मोठी. आल्या आल्या त्यांना तीन पोरींच्या अंगावर गजकर्णाचे गोल चट्टे दिसले. त्यांनी भिंतीवर खिळ्याने कागद ठोकला: संसर्ग, बुरशी, निर्जंतुकीकरण. तो कोणी वाचला नाही. तुळसाबाईने तर त्याच्याच खिळ्याला शिट्टी टांगली.

"मावशी, हा टॉवेल बंद करा. चट्टे याच्यातूनच पसरून राह्यले," मॅडम म्हणाल्या.

"चवदा वर्षं झाले, म्याडम. याच्यानं एकबी पोट्टी मेली नाई," तुळसाबाई फणकारली.

मॅडम वळल्या. समोर कप्तान रूपाली पाणी पीत होती. बाटली वीतभर वर धरून, ओठ न लावता, घटाघट.

"रूपाली, तोंड लावून काहून नाई पीत वं?"

"उष्टी होते नं म्याडम. बाकीच्यायले प्यायची आहे."

मॅडमनी दोन बोटांत टॉवेल उचलला. "मंग हा? बारा जणींचा घाम, वरून चट्ट्यायचं पाणी. मावशी, हा उष्टा नाई का?"

उष्टा! चाखलेला चमचा तुळसाबाईने जन्मात कधी भांड्यात परत घातला नव्हता, आणि याच हाताने चौदा वर्षं एकीचं उष्टं दुसरीच्या तोंडाला पुसत होती. तिला लाज वाटली, किळस आली, आणि तो सगळा राग टॉवेलवर निघाला. काडीने उचलून तिने तो मागच्या अंगणात जाळून टाकला.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीने आपला टॉवेल आणायचा, कोपऱ्यात आपल्या रंगाचा दोरा. पॅड वेगळे, मॅट सरावाआधी आणि नंतर औषधाच्या पाण्याने पुसायची. कोणी दुसरीच्या टॉवेलला हात लावला रे लावला की हॉलच्या टोकावरून तुळसाबाईची आरोळी यायची, "उष्टा हाय थो!" प्राचार्यसाहेब एकदा बुटांसकट मॅटवर चढले. "साहेब, म्याट उष्टी करू नका," असं ऐकून बिचारे मुकाट खाली उतरले. तीन-चार आठवड्यांत पोरींचे चट्टे गेले. तुळसाबाई खूश होती, आणि मॅडम तर तिच्या डब्यातली भाकर मागून खाऊ लागल्या होत्या.

सामन्याच्या सकाळी खुशीची वेणी घालताना तुळसाबाईचा हात थांबला. मानेवर, केसांच्या खाली, रुपयाएवढा लाल चट्टा. अगदी ताजा.

"आई, गप राह्य," खुशी पुटपुटली. "एकच म्याच. वेणीखाली कोणाले दिसते?"

तुळसाबाईने वेणी खाली सोडून चट्टा झाकला. मॅटजवळ मॅडमनी एकेकीला तपासलं. हात पाहिले, पाय पाहिले, गुडघ्यांमागे पाहिलं. मान राहिली. खुशी सुटली. राजेगावकर आधीच तिच्या नावाने ओरडत होते. तुळसाबाईला आनंद व्हायला हवा होता, पण तिची नजर खुशीच्या वेणीवरून हटेना. खुशीची पकड तिला ठाऊक होती, मान समोरच्या पोरीच्या बगलेत घुसवून आवळणारी. पलीकडे गोंदियाच्या संघातल्या एका किडकिडीत पोरीला तिची आई केसांचा पट्टा नीट लावून देत होती.

"म्याडम," तुळसाबाई म्हणाली, "खुशीची वेणी वर करून पाहा."

मॅडमनी पाहिलं. मग तुळसाबाईकडे पाहिलं. "तीन-चार दिवस मलम लावून पट्टी बांधली तर सोमवारच्या सामन्यात खेळन. पण आज नाई, मावशी."

"आई, तुलेच तं मले खेळताना पाहाचं होतं!" खुशी रडायलाच लागली.

"हौ वं, पाहाचंच होतं." तुळसाबाईने पलीकडच्या किडकिडीत पोरीकडे बोट केलं. "पण त्या पोट्टीच्या मायलेबी तिले पाहाचं असन नं."

खुशीच्या जागी पौर्णिमा उतरली. राजेगावची अर्धी आळी हिरमुसली, मग आलोच आहोत तर म्हणून पौर्णिमाच्या नावाने ओरडू लागली. खुशी बाकावर आईपासून हातभर लांब, तोंड फिरवून बसली होती. शेवटच्या चढाईत रूपालीने दोघींना बाद करून सामना काढला, तेव्हा मात्र सगळ्यात मोठी आरोळी खुशीचीच.

पोरी पांगल्यावर ती खेळाच्या खोलीत आली, आईकडे पाठ करून बसली आणि वेणी स्वतःच वर धरली.

"लाव मलम," ती म्हणाली. "आन् पह्यले हात धू."

तुळसाबाई डोळे पुसत, हसत हसत नळाकडे गेली.