लांबी बघून
खारू धरून उभी राहायला लागली आणि तिच्या आईची झोप उडाली. बाकीच्या बाळांना खुळखुळा दिसतो. हिला दिसायच्या कडा. टेबलाची कड, पायरीची कड, खिडकीची कड. दिसली कड की खारीसारखी चढ. म्हणून तर तिचं नाव खारू पडलं. आणि आता मिळणारं घर होतं तिसऱ्या मजल्यावर.

घर संस्थेचं. जमीन कुणी दिली, सामान कुणी, आणि सुटीच्या दिवशी एक कंपनी आपली माणसं मदतीला पाठवायची, एकसारखे निळे टी-शर्ट घातलेली, हौशी. ज्यांना घर मिळणार त्यांनीही हात लावायचा. संस्थेच्या ताई त्याला 'घामाचा वाटा' म्हणायच्या. खारूच्या आईचा घाम लांबीत गेला. लांबी म्हणजे रंगाआधी भिंतीचे खड्डे बुजवायचा तो पांढरा लगदा. खिडक्यांच्या फुटक्या कडा तिनंच चपट्या पत्रीनं भरल्या होत्या, बोट बुडेल इतक्या जाड. मिस्त्री म्हणाला होता, "सध्या भरून टाका. ग्रिल बसवताना तिथली खरवडून काढू."

शनिवारी निळे टी-शर्ट सगळ्या घरांत ग्रिल बसवायला आले. मिस्त्री जिन्यातूनच ओरडला, "लांबी बघून भोकं पाडा रे," आणि खाली टाकी गळत होती तिकडे पळाला. खारूची आई आपल्या होणाऱ्या घरात, शेजारच्या खोलीत भिंत घासत होती. तिला टेप ओढल्याचा आवाज आला.

"लांबी चार फूट," कुणीतरी म्हणालं. "सारख्या अंतरावर पाडू."

मग ड्रिल सुरू झालं.

टेप कशाला, एवढंच तिच्या मनात आलं. मंडळी चहाला गेल्यावर ती आत डोकावली. खिडकीत भुकटी पडली होती. विटेची भुकटी लाल असते, सिमेंटची करडी. ही पिठासारखी पांढरी होती. स्क्रू भिंतीत गेलेच नव्हते, नुसत्या लांबीत अडकले होते.

मिस्त्रीला शोधलं तर तो निघून गेलेला. ताईंना सांगावं, तर त्या कंपनीच्या साहेबांना जिना दाखवत होत्या, आणि साहेब खूश दिसत होते.

"सांगू का रे?" घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं.

"काय सांगणार? तुमचं फुकटचं काम आम्हाला पसंत नाही? उद्या किल्ल्या आहेत. किल्ली हातात पडेपर्यंत तोंडाला कुलूप. नंतर मी करतो की घट्ट."

"तू? कॅलेंडर अजून दाराच्या कडीला टांगलंय."

"धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत गं," सासूबाई म्हणाल्या.

"दात नाही मोजत, आई. शिंगं बघतेय."

सासूबाई हसल्या नाहीत. "मागे रांग केवढी आहे माहीत आहे ना? हिला नको, म्हणतील, आणि पुढच्याला देतील."

तिलाही तीच भीती होती. या खोलीच्या भिंतींना ओल होती, झोपेत खारूची छाती शिट्टी वाजवायची. घर गेलं तर ही ओल. घर मिळालं तर ती खिडकी. ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी किल्ल्या मिळाल्या. मिस्त्री आणि निळे टी-शर्टही आले होते. पेढ्याइतकी गोड भाषणं झाली, आणि मग साहेबांना फोटो हवा होता, वर खारूच्याच घरात, तिथे उजेड छान येतो म्हणून.

"मुलांना खिडकीत बसवा," फोटोवाला म्हणाला.

खारूच्या आईनं खारूला इतकं आवळलं की ती रडायला लागली. पण खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी आपल्या मुलाला उचलून बसवलंही. तो खुर्चीत रेलावं तसा ग्रिलला टेकला.

"वहिनी, उतरवा त्याला."

"अहो, फोटो तर होऊ दे."

तिनं खारूला नवऱ्याकडे दिलं. तो डोळ्यांनी नको नको म्हणत होता. तिनं मुलाला काखेत धरून खाली उतरवलं, दोन्ही हातांनी ग्रिल पकडलं आणि ओढलं. ओढताना तिला वाटत होतं, निघू नये. मी वेडी ठरले तरी चालेल, पण निघू नये.

ग्रिल एका बाजूनं अलगद आत आलं. पांढरी ढेकळं तिच्या पायांवर पडली.

मिस्त्रीनं एक ढेकूळ बोटांनी चुरलं. "लांबी बघा म्हणालो होतो ना?"

"बघितली की," निळ्या शर्टातला मुलगा म्हणाला. "चार फूट."

कुणालाही हसू आलं नाही. ताईंचा चेहरा उतरला होता. "सगळ्यांच्या किल्ल्या परत द्या," त्या म्हणाल्या. "सगळी घरं तपासल्याशिवाय राहायला यायचं नाही."

"कधीपर्यंत?" वहिनींनी विचारलं. "आम्ही जुनी खोली सोडून आलोय. टेम्पो उभाय खाली." मग त्या खारूच्या आईकडे वळल्या. आवाज अगदी हळू. "तुमच्या घरचं तुम्ही बघायचं होतं ना गुपचूप." बोलताना त्यांनी मुलाला पोटाशी इतकं दाबलं होतं की तो सुटायला धडपडत होता.

मिस्त्री आणि निळे टी-शर्ट खाली वहिनींच्या घरात गेले. वर सगळे कान देऊन उभे राहिले. ते ग्रिल पक्कं असावं, असं खारूच्या आईला मनापासून वाटत होतं. आणि पक्कं असलं तर ही माणसं आपल्याला जन्मभर माफ करणार नाहीत, हेही कळत होतं.

खालून ओढल्याची करकर आली. मग काहीतरी जड फरशीवर आदळलं.

वहिनींनी आपली किल्ली ताईंच्या हातात ठेवली. खालून आता वहिनींच्या शेजारच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला.