आजारी वासराची पाळी शेवटी

हिम्मतरावांचा गोठा मलकपेठेत, घराच्या मागच्याच अंगणात. गाई, दूध, गिऱ्हाइकं सगळं तेच बघायचे. वासरं मात्र त्यांच्या बायकोची, कुसुमताईंची. त्या कोपऱ्यात हिम्मतराव सहसा पाऊलही टाकत नसत.

यंदा वासरांना हगवण लागली. पहिल्यांदा चंद्रीला. पाण्यासारखं पिवळं शेण, डोळे खोल गेलेले, कान गार. कुसुमताई सकाळी उठून थेट तिच्याकडं जायच्या, तिचं अंग पुसायच्या, डोकं मांडीवर घेऊन मीठ-गुळाचं पाणी पाजायच्या. मग तीच बादली उचलून बाकीच्यांना दूध. तरी चंद्री गेली. पाठोपाठ तांबू आडवा झाला, मग मोरी.

"माझ्या हाताला यशच राहिलं नाही," त्या म्हणाल्या. तेव्हा हिम्मतरावांनी कुकटपल्लीहून जनावरांच्या डॉक्टर योगिनीला बोलावलं.

योगिनीनं वासरं तपासली, औषध दिलं आणि म्हणाली, "काकू, रोज जसं पाजता तसं पाजून दाखवा."

तांबूपासून सुरुवात झाली तशी तिनं हात धरून थांबवलं. "इथंच चुकतंय. रोग शेणात असतो. तुमच्या हाताला, बादलीला, चपलेला लागून तो पुढच्याच्या तोंडात जातो."

कुसुमताई आपल्या हातांकडं बघत राहिल्या. "म्हणजे चंद्रीला लागलं ते सगळ्यांना मीच वाटून दिलं?"

"हे डोळ्यांना दिसत नाही, काकू. कुणाचंही असंच झालं असतं. आता आधी धडधाकट वासरं, आजारी शेवटी. त्यांची बादली वेगळी. आणि तिकडून आलात की हात साबणानं धुतल्याशिवाय, चपला बदलल्याशिवाय इकडं यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी कुसुमताई आल्या. पावलं ओळखून तांबूनं मान उचलली आणि बारीक आवाजात हंबरला. त्या तशाच पुढं गेल्या, नुकत्याच जन्मलेल्या धडधाकट वासराजवळ बसल्या. तांबू पुन्हा हंबरला. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दुधात पडायला लागलं.

हिम्मतराव दारात उभे होते. "तू उठू नको. तांबूकडं मी जातो."

"अहो, तुम्हाला कुठं येतंय पाजायला?"

"सांग की तिथनं."

मग कुसुमताई लांबून सांगत राहिल्या. "मान फार वर नको. घाई नको, ठसका लागंल." आणि हिम्मतराव पांढऱ्या धोतरासकट शेणात मांडी घालून बसले. "हळू पी बेटा, हौले हौले," असं ते म्हणत होते. इतक्या मऊ आवाजात त्यांना बोलताना कुसुमताईंनी आपल्या मुलांच्या वेळीही ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून आजारी वासरं हिम्मतरावांची झाली. मोरी वाचली नाही. ती गेली त्या दिवशी ते दुधाच्या दुकानावर गेले नाहीत, जेवलेही नाहीत, आणि कुसुमताईंनीही आग्रह केला नाही. पण धडधाकट वासरांपैकी एकालाही हगवण लागली नाही.

एका सकाळी तांबू लटपटत आपणहून उभा राहिला. कुसुमताई धावल्याच. हिम्मतराव मध्ये आडवे आले.

"नक्को. डॉक्टरीणबाईंनी अजून आठवडाभर लांब राहायला सांगितलंय."

"नुसतं बघते हो."

"बघ की, तिथनंच बघ," ते म्हणाले, आणि तांबूला पोटाखाली हात घालून कुसुमताईंना नीट दिसेल असं वळवून धरलं.