उभे सेल, आडवे सेल

मी एक जुना, मांडीवर मावणारा कॉम्प्युटर बोलतोय. तोंड लपवावं म्हणतो, पण मला झाकणसुद्धा नाही.

अकोल्याच्या शाकीब रेडिओवाल्यानं मला भंगारातून उचललं, धडधाकट केलं आणि मूर्तिजापूरजवळच्या एका गावात उत्तमरावांच्या हाती दिलं. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्यांचा गळा खाल्ला होता; ऑपरेशनात आवाज गेला. "आता बोटानं बोला," शाकीब म्हणाला. तेव्हापासून ते माझ्या इंग्रजी अक्षरांत अस्सल वऱ्हाडी बडवायचे. मीच त्यांचा आवाज, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

गावात दिवसभर लोडशेडिंग. मी चार पेन्सिल सेलवर चालतो. शाकीबनं चार्जिंगचे आठ दिले होते. घरची रीत अशी, की भरलेले सेल फळीवर उभे आणि रिकामे आडवे. साधे सेल कुरकुरत का होईना, आधी सांगून जातात. हे चार्जिंगवाले मात्र शेवटपर्यंत गोड बोलतात आणि एकदम हात वर करतात.

त्या साली कापसानं सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं. पुढच्या वर्षाचा भरवसा नाही म्हणून लोक पोरी घाईघाईनं उजवत होते. उत्तमरावांची दामिनी अमरावतीला नर्सिंग शिकत होती. वरूडचे संत्र्याचे बागाईतदार किसनराव आपल्या मुलासाठी तिला बघायला यायचे होते. त्या दिवशी सकाळी उत्तमरावांनी माझ्यावर लिहून तिला दाखवलं, "शिक्षन पुरं झाल्याबिगर लगन नाई. मी सांगतो त्याईले."

पाहुणे येणार म्हणून त्यांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, घर लख्ख केलं. फळी पुसली आणि आठही सेल ओळीनं उभे करून ठेवले. भरले-रिकामे सगळे एक झाले. उत्तमरावांनी त्यातलेच चार माझ्यात घातले.

"अक्षय तृतीयेले उरकून टाकू," किसनराव म्हणाले. "शिक्षन आता काहून पाह्यजे? आमच्या घरी काय कमी हाय?"

उत्तमरावांनी मला मांडीवर घेतलं. पहिला शब्द उमटला, लाल दिवा लागला आणि मी मेलो.

"व्याही काई बोलून नाई राहिले. म्हंजे कबूल," किसनराव हसले. साखरेची वाटी पुढं आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उत्तमरावांची बोटं माझ्यावर चालूच होती. दामिनीनं चहाचा ट्रे खाली ठेवला, बापाला खेटून बसली आणि बोटांकडे बघत सावकाश वाचू लागली, "बाबा म्हनून राहिले, शिक्षन पुरं झाल्याबिगर लगन नाई, काका."

किसनरावांनी उत्तमरावांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. साखरेची वाटी परत आत गेली.

पोरगी बापाची बोटं वाचते म्हणून गावभर कौतुक झालं. खरं मलाच ठाऊक आहे. ती बोटं काही लिहीत नव्हती. रडकुंडीला आलेला तो माणूस नुसतं माझं कडेचं चालू-बंदचं बटण खालीवर करत होता.

दामिनी अजूनही सुटीत येते, सेल भरते, मला पुसून फळीवर टेकवून उभा करते. मला उभं नको करू गं, बाई. माझी जागा आडव्यांत आहे.